हाटेलाचा घास

जळोची, बारामती
२० एप्रिल २०२१

ती. दादास,

नमस्कार. लांबूनच. एरवी पण तू मला पाया पडू देत नाहीस, आता तर सरकारचीच मनाई आहे.

फोन उचलत नाहीस म्हणून चिठ्ठी. चिठ्ठी पिशवीत आहे आणि पिशवी तुझ्या गेटला अडकवली आहे. दुधाच्या टेम्पोवाल्या झुंबरनं अडकवली. तो आपल्या लासुर्ण्यातनं दूध घेऊन बारामतीला येतो आणि मोकळे कॅन घेऊन माघारी जातो. दुधाच्या गाडीला पोलीस अडवत नाहीत. नाहीतर माझं पार्सल काटेवाडीच्या पुढं गेलं नसतं.

राजलक्ष्मी वहिनींचा इंदापूरच्या कोविड सेंटरमधनं फोन आला. सहा वर्षांत पहिल्यांदा. म्हणाल्या, "वन्सं, ह्यांना बी झालाय. घरात एकटंच हायत. गावातलं कुणी गेटाजवळ सुदिक फिरकत न्हाय. डॉक्टर म्हणत्यात, गोळ्या उपाशीपोटी घ्यायच्या न्हाईत, आन् पोटात काय गेलं न्हाय तर आडमिट करावं लागंल. बेड तर कुठंच न्हाय. ह्यांना साधा चहा करता येत न्हाय ओ."

मला ठाऊक नाही का? आईनं तुला कधी पाण्याचा तांब्या हातानं भरू दिला नाही. भोग आता.

तर नीट वाच. टेम्पो वळून गेला की मगच बाहेर ये. मास्क नाकावर, हनुवटीवर नाही. पिशवी आत आण, वरची कागदी पिशवी बाहेरच टाक, हात धू. अन्न आपल्या घरच्या भांड्यात काढ आणि पिठलं परत उकळ. लायटर खिडकीत आहे, वहिनींनी सांगितलंय. निळी ज्योत दिसली म्हणजे गॅस पेटला. मग परत हात धू आणि जेव. कांदा पाठवलेला नाही. जे शिजत नाही ते मी सध्या पार्सलमध्ये घालत नाही, कुणी कितीही हट्ट करो. काल एक साहेब कोशिंबिरीसाठी माझ्याशी भांडले. म्हटलं, साहेब, काकडी तुमची तुम्ही चिरा, देवानं हात दिलेत.

आता दुसरी गोष्ट. पिशवीवर स्टिकर आहे तो तुला दिसला असेल. मुक्ताई भोजनालय. मुद्दाम काढला नाही.

नवरा गेल्यावर इंदापूरचं सासर मला परकं झालं. पोरीला, श्रेयाला घेऊन जळोचीत खोली केली, एमआयडीसीतल्या पोरांना जेवण घालायला लागले आणि पाटीवर आईचं नाव लिहिलं. तू आलास, पाटी बघितलीस आणि भर रस्त्यात ओरडलास, "आमच्या आयचं नाव हाटेलाला? ह्या हाटेलाचा घास माझ्या घशाखाली उतरायचा न्हाय!" त्या दिवाळीपासून कारखान्याची साखर पण बंद झाली. सभासदाची साखर घरात आली की गावातला प्रत्येक भाऊ त्यातली थोडी बहिणीला धाडतो. अगदी ज्यांचं आपसात पटत नाही तेसुद्धा धाडतात. तू नाही धाडलीस. दुकानात साखर मिळते रे, पण ती दुकानाची असते.

असो. हे हाटेलाचंच पिठलं आहे आणि हाटेलाचीच भाकरी आहे. गरम करून खा.

तुझी, तुला पटो न पटो, धाकटी बहीण
सिंधू
मालकीण, मुक्ताई भोजनालय


२२ एप्रिल

दादा,

आज नमस्कार पण नाही.

झुंबर सांगत होता, परवाची पिशवी संध्याकाळपर्यंत गेटलाच होती. काल सकाळी कुत्री ओढत होती. म्हणजे माझी भाकरी कुत्र्याच्या घशाखाली उतरली, तुझ्या नाही. कुत्र्याला शहाणपण जास्त आहे.

वहिनींचा परत फोन आला. त्यांना स्वतःला धड बोलता येत नाही आणि काळजी तुझी. म्हणाल्या, "वन्सं, एवढं एक करा. त्यांना सांगा की चुलीवर घरी केलंय. हाटेलाचं न्हाय. एवढ्या शब्दानं ते खात्याल. कुणाला कळणार हाय?"

मला कळणार आहे. मी वहिनींना नाही म्हटलं. त्या रडल्या. मला वाईट वाटलं, तरी नाहीच म्हटलं. दादा, हाटेलाच्या त्याच भट्टीवर माझी पोरगी कॉलेजला गेली. गेल्या वर्षी सगळं बंद झालं, टेबलं उलटी करून ठेवली, तेव्हा तू विचारलंस का, सिंधे, कशी जगतेस? त्याच भट्टीनं जगवलं. दारात दोरी बांधली, दोरीच्या अलीकडं मी, पलीकडं गिऱ्हाईक. पार्सल खुर्चीवर ठेवायचं, मी मागं सरायचं, मग त्यानं उचलायचं. लोक हसले. नंतर तेच लोक म्हणाले, मावशी, तुमच्याकडनंच पार्सल नेतो, बाकीच्यांचा भरवसा नाही. ह्या भट्टीला मी चूल म्हणायचं? कशापायी? मी काय चोरी केलीय?

म्हणून आज दुसरी युक्ती केलीय. पिशवी उघडलीस तर ओळखशील. आईचा तीन खणांचा डबा. ती रानात भाकरी घेऊन यायची तो. झाकणावर नाव आहे, मुक्ताबाई, आणि खाली लासुर्णे. नाव घालणाऱ्यानं "र्णे" वेडंवाकडं काढलं म्हणून आई त्याच्याशी भांडली होती, आठवतंय? मी लग्नात मागून घेतला होता तो. आता आईच्या डब्यातलं कुत्र्याला घालून दाखव.

आणि हो, डबा परत धाडायचा नाही. मी कुणाकडनंच भांडी परत घेत नाही, तशी पाटीच लावलीय. तरी लोक ऐकत नाहीत. काटेवाडीचे तात्याबा, घरात बंद करून ठेवलेले, त्यांना मी प्लॅस्टिकच्या डब्यात खिचडी पाठवली. तर तो टाकायचा डबा त्यांनी धुतला आणि आत चार लिंबं घालून पार्सल नेणाऱ्या पोराकडं परत दिला! मी फोनवर झाप झाप झापलं. म्हटलं, अहो, आजार पसरवताय का गावभर? तर म्हणाले, "पोरी, भरून आल्यालं भांडं रिकामं कसं धाडू? आपल्यात रीत हाय का?" लिंबं साबणानं धुतली आणि उन्हात टाकली.

आई पण तेच म्हणायची. रिकामं भांडं परत गेलं की नातं रिकामं झालं, निदान चिमूट साखर तरी घाल. तर तू ह्या फंदातच पडू नकोस. डबा राहू दे तुझ्याकडं. जेव आणि गोळी घे.

सिंधू


२४ एप्रिल

दादा,

डबा आला. भरलेला. जसा गेला तसा. भाकरी दगड झालेली, पिठल्याला वास सुटलेला. रिकामा पाठवला असतास तर एकदा रडून मोकळी झाले असते. भरलेला पाठवलास म्हणजे काय समजायचं मी?

आणि अक्कल कुठं गेली तुझी? तुला आजार. तुझ्या हातचा डबा त्या झुंबरनं उघड्या हातानं उचलला. तो दिवसभर अर्ध्या तालुक्याचं दूध हाताळतो. त्याच्या घरी म्हातारी आहे. तुझा हट्ट तुझ्यापुरता ठेव, दुसऱ्याच्या घरात घालू नकोस. मी त्याला तिथंच दारात उभा करून हातावर सॅनिटायझर ओतलं आणि त्यालाच चार शिव्या दिल्या, तुझ्या वाट्याच्या. बिचारा म्हणाला, "अक्का, मालकांनी गेटावर ठिवला व्हता, म्या म्हटलं तुमचाच हाय." डबा मी उकळत्या पाण्यात घातला. आईचं नाव वाफेत दिसेना.

वर खाडाखोड आहे ती वाचायला जाऊ नकोस. बरं, सांगते. "दादा, हे घरचं आहे" असं लिहिलं होतं. वहिनींनी सकाळी सांगितलं की तुझ्या बोटाला लावायच्या यंत्रात आकडा ब्याण्णव आलाय. दोन दिवसांपूर्वी पंच्याण्णव होता. माझा हात चळला. लिहिलं आणि खोडलं. तू उपाशी मेलास तर लोक म्हणतील, बहीण एक शब्द खोटा बोलली असती तर वाचला असता. म्हणू देत. आणि मी म्हणेन, भावानं एक घास खाल्ला असता तर वाचला असता. पण कुणाला म्हणणार मी? तू ऐकायला पाहिजेस ना?

मेल्या, तू जग आणि माझ्याशी भांड. सहा वर्षं अबोला धरलास, आता मरून त्याच्यावर कुलूप लावायला निघालास?

मी रोज पाठवणार. झुंबरला बजावलंय, भरलेला डबा परत घ्यायचा नाही. तुला टाकायचंच असेल तर तुझ्या हातानं टाकावं लागेल, आईच्या नावाकडं बघत.

आणि गेटजवळच्या जास्वंदीला जरा पाणी घाल. पार वाळलीय. आईनं लावलेली ती. माजघराची खिडकी उघडी ठेवतोस ते चांगलं करतोस, वारा खेळता पाहिजे. पण खाट खिडकीपासून लांब घे, दुपारचं ऊन सरळ तुझ्या तोंडावर येतं.

सिंधू


२६ एप्रिल

पावतीवर तुझा गिऱ्हाईक क्रमांक नंतर टाकते, आधी हे लिहिते.

आपलं काय बोलणं झालं ते तुला ठाऊक आहे. तरी मी लिहून ठेवणार. उद्या बरा झालास की पलटशील, म्हणशील मी तापात होतो. तेव्हा हा कागद दाखवीन.

सकाळी हाटेलाच्या फोनवर रिंग आली. श्रेया उचलायला गेली, तिच्या हातातनं घेतला.

"हाटेल का?"

आवाज बसलेला होता, तरी ओळखला. पण म्हटलं, "कुठलं हाटेल? बारामतीत छप्पन हाटेलं हायत."

मग म्हणालास, "मुक्ताई."

"पुरं नाव सांगा."

"मुक्ताई भोजनालय," म्हणालास आणि खोकलास. मी खोकला थांबेपर्यंत थांबले.

"बोला. काय पायजे?"

"पार्सल."

"नाव?"

"सिंधे, तुला म्हायत न्हाय व्हय?"

"गिऱ्हाइकाचं नाव लिवावंच लागतं."

"विजयसिंह. लासुर्णे. भाकरी पातळ कर. आन् पिठलं. आयसारखं."

"आयसारखं हितं मिळत न्हाय. माज्यासारखं मिळतं."

मला वाटलं, ठेवतोस आता. तेव्हा म्हणालास, "चालंल."

आणि वर विचारलंस, "गेलं तीन दिस टेम्पोत झुंबरच्या मागं कॅनांत कोण बसली व्हती? तोंडाला पदर बांधून?"

"गिऱ्हाइकानं असल्या चौकशा करायच्या न्हाईत," म्हणाले आणि फोन ठेवला. ठेवला आणि परातीपुढं बसून हमसून हमसून रडले. श्रेया घाबरली. तिला वाटलं मामा गेला. म्हटलं, नाही गं, मामानं ऑर्डर दिली.

हो, मीच होते टेम्पोत. तीन दिवस येत होते. गाडीतनं उतरले नाही, नियम मोडला नाही. खिडकीतनं तुझी पाठ दिसायची. काल तू कूस वळवलीस आणि सरळ माझ्याकडं बघितलंस, मला वाटलं ओळखलं नसशील. किती वाळलायस रे. झुंबर म्हणाला, अक्का, निघू का? म्हटलं, थांब जरा, तो अजून बघतोय.

पिशवीत पिठलं आहे, पातळ भाकरी आहे, मऊ भात आहे, वर तूप. भात मागितला नव्हतास, तो मालकिणीकडनं. कांदा नाही म्हणजे नाही. आधी चार घास खा, मग गोळी. खाऊन झालं की झाकण वाजव खिडकीत, म्हणजे झुंबरला कळेल आणि तो मला सांगेल. फोन करायचे कष्ट घेऊ नकोस, दम लागतो.

तुझी
हाटेलवाली


२ मे

दादा,

झुंबर म्हणाला, झाकण असं वाजवलंस की शेजारची गुरं उठली. रोज एवढ्या जोरात वाजवायची गरज नाही.

आकडा शहाण्णव. वहिनींना सोडणार आहेत. त्या घरी आल्या तरी त्यांना आठवडाभर चुलीपुढं बसवायचं नाही, मी दोघांचं पाठवणार आहे. आणि वहिनींनी फोनवर हळूच विचारलं, "वन्सं, शेवटी घरचं म्हणून सांगितलं का?" मी म्हटलं, न्हाय, हाटेलाचं म्हणूनच खाल्लं. त्या हसायला लागल्या आणि खोकल्या. पाठवते तेवढं गरम करून खात जा दोघं.

तिखट कमी आहे अशी तक्रार केलीस म्हणे झुंबरकडं. बरा होतोयस म्हणायचं.

सिंधू


२० जून

ती. दादास,

आज नमस्कार पूर्ण.

डबा मिळाला. झुंबरनं दिला तेव्हा हाताला जड लागला. वाटलं, आता बरा झालाय तरी परत भरलेला पाठवला की काय ह्यानं. तुझा अहवाल कधीच चांगला आलाय, वहिनी शेतात जायला लागल्यात, तरी मी डबा घेतला नाही. म्हटलं, ठेव तिकडं ओट्यावर, उन्हात. भाऊ असला तरी नियम नियम. श्रेया म्हणाली, आई, आता नाही गं लागत एवढं. मी म्हटलं, माझ्या हाटेलात लागतं.

दोन दिवस मी त्या डब्याभोवती फिरले. भाकऱ्या करायचे आणि ओट्याकडं बघायचे. मांजर जवळ गेलं तरी ओरडायचे. मग साबणानं पुसला आणि उघडला.

तिन्ही खणांत साखर. कारखान्याची, जाड दाण्याची, आपल्या पोत्यातली. वरच्या खणात शिगोशिग. चिठ्ठी नाही. मी चमचा तळापर्यंत घालून शोधली. तू काय लिहिणार? आईनं तुला तेवढं पण शिकवलं नाही. पण भांडं रिकामं पाठवायचं नाही हे शिकवलं होतं, आणि ते तू विसरला नाहीस. मी ओट्यावर बसून एक चिमूट तोंडात टाकली. गोडच होती रे. दुकानाच्या साखरेपेक्षा गोड होती असं मी श्रेयाला सांगितलं आणि ती मला वेडी म्हणाली.

आता ऐक, त्या साखरेचं काय केलं. वहिनी सांगत होत्या, तू म्हणालास, सिंधीला घरात ठिवायला झाली. नाही ठेवली घरात. सरळ हाटेलाच्या चहाच्या पातेल्यात घातली. पहिला कप झुंबरला, दुसरा काटेवाडीच्या तात्याबांना. ते बरे होऊन मुद्दाम आले होते, लिंबं घेऊन. मग एमआयडीसीची पोरं आली, ट्रॅक्टरवाले आले, कोशिंबिरीवरनं भांडलेले ते साहेब पण आले. सगळे तुझी साखर पिऊन गेले. आता तुझा घास हाटेलात गेलाय, दादा. आता कुठल्या तोंडानं म्हणशील की ह्या हाटेलाशी माझा संबंध नाही?

डबा परत पाठवतेय. रिकामा नाही. पुरणाच्या पोळ्या आहेत, चहातनं राखलेल्या त्याच साखरेच्या. गूळ घालायला पाहिजे, मला कळतं, पण ह्या वेळी साखरेच्याच केल्या.

आणि हे शेवटचं पार्सल. तुझ्यापुरतं माझ्याकडं पार्सल आजपासून बंद. बसून जेवायला परवानगी आलीय, निम्म्याच खुर्च्या मांडल्यात, टेबलं लांब लांब, दारात हात धुवायला पाणी आणि साबण. बाकी कुणाला पार्सल हवं तर देईन, तुला नाही. भाकरी तव्यावरनं थेट ताटात पडते तेव्हाच ती पातळ लागते. कांदा पण देईन. बुक्की मारून फोडलेला.

वहिनींना घेऊन ये. दार कुठलं ते विचारायला नको. आईच्या नावाची पाटी कालच नव्यानं रंगवून घेतली आणि दारावर जरा खाली बसवली. पोरं आरामात जातात. तू उंच आहेस, तुला आत येताना वाकावं लागेल.

तुझी
सिंधू